पुढे विळी, मागे जातं: सशाचे दात आणि डॉक्टरांचं बिल

"एवढ्यात तर दहा ससे आले असते गं." आमच्या सशाच्या, लोणीच्या, दातांचं बिल बघून आई म्हणाली. हिशेब चुकीचा नव्हता. पक्ष्या-माशांच्या दुकानातून काही शे रुपयांत घरी आलेला प्राणी, आणि त्याची एक दाढ घासायला त्याच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे. वर डॉक्टर सांगतात, "दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा." कोणालाही वाटेल, आपल्याला गिऱ्हाईक केलंय.

करोनाच्या काळात मुलांच्या हट्टापायी घरोघरी आलेले ससे आता मध्यमवयीन झालेत, आणि माझ्या ओळखीतल्या तीन घरांत सध्या हाच प्रश्न आहे. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. त्यामुळे हा खर्च कशाचा, तो कुठे टाळता येतो आणि कुठे टाळायला गेलं की दुप्पट होऊन परत येतो, हे एकदा बैजवार सांगून टाकते. मी डॉक्टर नाही. पाच वर्षं सशाच्या तोंडात डोकावायचा प्रयत्न करणारी एक बाई आहे.

थांबतच नाहीत असे दात

सशाला 28 दात असतात. पुढे वर चार आणि खाली दोन. वरचे चार एका रांगेत नसतात; दोन मोठ्या दातांच्या पाठीमागे काडीएवढे दोन दात लपलेले असतात. या जादा जोडीमुळेच ससा उंदीर-खारींच्या कुळात बसत नाही, त्याचा गणच वेगळा मानतात. पुढच्या दातांनंतर बरीच मोकळी जागा, आणि मग आत दाढा: वर सहा-सहा, खाली पाच-पाच.

आपला पक्का दात एकदा आला की त्याचं मूळ बंद होतं, वाढ संपते. सशाच्या दाताचं मूळ जन्मभर उघडंच राहतं आणि दात नखासारखा खालून सरकत राहतो. पुढचे दात आठवड्याला साधारण 2 ते 3 मिलिमीटर वाढतात, दाढा महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर. झीज झालीच नाही तर पुढचा दात वर्षाकाठी अर्ध्या वितीएवढा होईल.

अशी रचना का, याचं उत्तर गवतात आहे. गवताचं पातं बोटावरून ओढलं की बारीक चीर पडते. गवतात सिलिका असते, म्हणजे वाळू ज्याची बनते तोच पदार्थ. दिवसभर असलं खरखरीत खाणं दळणाऱ्या प्राण्याचे दात झपाट्यानं झिजणार, म्हणून ते वाढतेही ठेवलेत. वाढ आणि झीज यांचा हा रोजचा ताळेबंद आहे.

पुढचे दात म्हणजे विळी. गवत तोडायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांचा कठीण थर मुख्यतः बाहेरच्या अंगाला असतो, आतली बाजू लवकर झिजते, त्यामुळे सुताराच्या पटाशीसारखी धार आपोआप राहते. मागच्या दाढा म्हणजे जातं. ज्यांनी आजीकडे जातं बघितलंय त्यांना आठवत असेल, दगडाची पाळी गुळगुळीत झाली की टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं पुन्हा खडबडीत करून, घ्यावी लागायची. सशाच्या जात्याला टाकी लागत नाही, कारण त्याचा दगड खालून नवा होत असतो. त्याची अडचण नेमकी उलटी आहे: दळण कमी पडलं की दगड वाढत जातो, आणि वाकडा वाढतो.

"गाजर खातो की रोज! लाकूडही कुरतडतो."

चित्रातल्या सशाच्या हातात गाजर असतंच, त्यामुळे आपण ते इमानेइतबारे आणतो. गाजर गोड आणि मऊ असतं. सशाच्या दृष्टीनं तो पेढा आहे. मुख्य म्हणजे गाजर, कोबी, बाजारातल्या गोळ्या असलं काही खाताना जबडा बराचसा वरखाली हलतो, खलबत्त्यात कुटल्यासारखा. गवत खाताना तो आडवा फिरतो, जात्यासारखा. दाढा सारख्या झिजतात त्या या आडव्या फिरण्यानं, आणि तेही तासन्‌तास चालल्यावर. चमचाभर गोळ्या ससा काही मिनिटांत संपवतो. तेवढ्याच पोषणाचं गवत चघळायला त्याला कितीतरी वेळ लागतो. तो वेळ म्हणजेच दातांची निगा.

लाकडाबद्दलचा गैरसमज मलाही होता. कडुनिंबाच्या काड्या, पेरूच्या फांद्या, दुकानातला तो रंगीत क्षारांचा ठोकळा, सगळं आणून झालं. पेरूची फांदी देऊ नये असं नाही, वेळ छान जातो. पण लाकूड कुरतडतात ते पुढच्या दातांनी. विळीला धार लावल्यानं जातं सुधारत नाही, आणि महागडं दुखणं बहुतेक वेळा जात्याचं असतं.

दात बिघडायला खाणं एवढं एकच कारण नसतं. काही ससे जन्मतःच आखूड वरचा जबडा घेऊन येतात, त्यांचे पुढचे दात एकमेकांवर बसतच नाहीत. हे आनुवंशिक असतं, म्हणून अशा सशांची पैदास करू नये. कधी पिंजऱ्याच्या सळ्या ओढून किंवा पडून दात दुखावतो. आहारात कॅल्शियम कमी आणि अंगावर ऊन नाही, त्यामुळे जबड्याचं हाड भुसभुशीत होऊन दात कलतात, असंही काही तज्ज्ञ मानतात. पण यातलं आपल्या हातात रोज काय आहे, तर गवत.

बिघडतं म्हणजे काय होतं

दातावर दात नीट न बसणं याला डॉक्टर मॅलऑक्लूजन म्हणतात. पुढच्या दातांचं असेल तर निदान दिसतं तरी: दात हत्तीच्या सुळ्यांसारखे बाहेर येतात किंवा आत वळतात. दाढांचं आतल्या आत चालतं. दाढेची एक कड झिजत नाही आणि तिथे सुईसारखा काटा वाढतो. खालच्या दाढांचे काटे जिभेकडे वळतात, वरच्यांचे गालाकडे. जिभेला प्रत्येक घासाला टोचतं. ससा सगळ्यात आधी गवत सोडतो, कारण त्यालाच जास्त चावावं लागतं. गवत सोडलं की झीज आणखी कमी. इथून पुढचा उतार तुम्हीच ओळखा.

दुसरी दिशा मुळाकडची. वरून वाढायला जागा नसली की दात उलटा, हाडात घुसतो. खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवलं तर गाठी लागतात. वरच्या दातांची मुळं डोळ्याच्या पाण्याच्या नळीवर दाबतात आणि एक डोळा सतत गळतो. लोणीच्या डोळ्यात आम्ही तीन आठवडे थेंब घालत होतो. दुखणं डोळ्याचं नव्हतंच.

मुळाशी पू झाला तर काम अवघड होतं. सशाचा पू टूथपेस्टसारखा घट्ट असतो, तो वाहून जात नाही. चीर देऊन पिळला आणि झालं, असं होत नाही. गळवाची पिशवी आणि बहुधा तो दातही काढावा लागतो.

"पण तो तर काहीच दाखवत नाही"

दाखवणारही नाही. दुखणं चेहऱ्यावर आणणारा ससा रानात दुसऱ्या दिवशीची सकाळ बघत नाही, आणि फ्लॅटमध्ये आला म्हणून त्याची ही खोड जात नाही. मग आपणच पारख करायची. गवत उरतंय पण गोळ्या संपताहेत. खाण्याशी जाऊन परत फिरतो. घास तोंडातून पडतो. हनुवटी आणि पुढचे पंजे ओलसर. लेंड्या लहान झाल्या किंवा कमी झाल्या. अंगावरून हात फिरवताना दातांचा हलका, घुमल्यासारखा आवाज आला तर तो खुशीचा असतो; कोपऱ्यात अंग चोरून बसून करकर दात खात असेल तर ते दुखणं.

या सगळ्याच्या आधी वजन उतरतं. किराणा मोजायचा डिजिटल काटा, त्यावर टोपली, दर रविवारी एकदा आणि आकडा कॅलेंडरवर. सशांच्या बाबतीत याच्याइतका पैसे वाचवणारा दुसरा उपाय मला माहीत नाही. दाट लोकरीखाली शंभर ग्रॅम घटलेले डोळ्यांना कळत नाहीत, काट्याला कळतात.

बारा तासांचा नियम

सशाचं पोट म्हणजे अखंड चालणारा पट्टा. वरून गवत येत राहिलं तर तो चालतो. खाणं थांबलं की आतडी मंदावतात, वायू धरतो, दुखतं, आणि दुखतंय म्हणून ससा आणखीनच खात नाही. कुत्रा एक दिवस जेवला नाही तर आपण "पोटाला आराम" म्हणतो. ससा बारा तास खात नसेल आणि लेंड्या थांबल्या असतील तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करायचा. "उद्या सकाळी बघू" यात बरेच ससे गेलेत, आणि जे वाचतात त्यांचं बिल सकाळी वाढलेलं असतं.

मग बिलात असतं तरी काय?

आपण दाताला जातो तेव्हा आ करतो. सशाचं तोंड बोटभरही उघडत नाही, आणि दाढा पार आत, गालांच्या घड्यांमागे. कान तपासायच्या दुर्बिणीनं डॉक्टर जागेपणी डोकावतात, पण त्यात काटे निसटू शकतात. नीट बघायला भूल लागते, जबडा आणि गाल फाकवून धरणारी सशाच्या मापाची छोटी अवजारं लागतात. मूळ बघायचं तर कवटीचा एक्स-रे, आणि तोही एक पुरत नाही: बाजूनं, तिरके, वरून, समोरून असे चार-पाच घ्यावे लागतात, नाहीतर दोन्ही बाजूंचे दात एकमेकांवर छापले जातात. मग घासण्याचं काम, वेदनाशामक, सुईविना सिरिंजनं भरवायचं खाणं, फेरतपासणी.

यातलं घासणं हे सगळ्यात कमी वेळाचं काम. पैसे जातात ते तिथवर सुखरूप पोचण्याचे आणि परत येण्याचे. बिल बघून भांडायच्या आधी मी आता एकच मागते: आकडे सुटे करून लिहून द्या आणि आज यातलं कशावाचून अडणार आहे ते सांगा. चांगले डॉक्टर सांगतात. एक्स-रेवर मात्र घासाघीस करू नये. मुळं न बघता वरवर घासणं म्हणजे भिंतीत पाणी झिरपत असताना वरून रंग देणं.

"नखं कापतो तसे दात घरीच कापले तर?"

पुढचे दात कटरनं कटकन तुटतात, हे खरं. दुकानदारही करून देतात, काही डॉक्टरही करत आलेत. पण दात नखासारखा लवत नाही, काचेसारखा तडकतो. उभी चीर मुळापर्यंत जाते, आतली नस उघडी पडते, जंतू शिरतात, आणि दोन महिन्यांनी तुम्ही गळवासाठी दवाखान्यात. दात छोटा करायचा तो फिरत्या बारीक कानशीनं, माहीतगार हातानं.

इथे एक हिशेब मांडून बघू. जन्मतः न जुळणारे पुढचे दात दर पाच आठवड्यांनी घासावे लागतात असं धरा. वर्षाला दहा फेऱ्या. आठ वर्षं जगला तर ऐंशी. प्रत्येक वेळी रिक्षा, पिंजरा, सशाची धडधड. याला एक पर्याय आहे जो ऐकून लोक दचकतात: पुढचे सहाही दात कायमचे काढून टाकणं. मोठी शस्त्रक्रिया, एकदाच मोठा खर्च, पण दाढा धड असतील तर ससा ओठांनी घास ओढून छान खातो. भाजी तेवढी चिरून द्यावी लागते. विळी मोडली तर आपण चिरून देऊ शकतो. जातं मोडलं तर दळून देणं रोजच्या रोज जमत नाही. दाढांना असा एकदाचा तोडगा सहसा नसतो. तिथे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा जायचंच असतं, आणि ते फसवणूक नाही, दात वाढतात म्हणून असतं.

"भूल दिली तर मरेल ना?"

भीती पोकळ नाही. ब्रिटनमधली एक मोठी पाहणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात भूल किंवा गुंगी दिल्यानंतर दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांत 0.17 टक्के, मांजरांत 0.24 टक्के आणि सशांत 1.39 टक्के निघालं. पण निरोगी ससे वेगळे काढले तर आकडा 0.73 टक्के होता, आजारी सशांत तो कितीतरी वर. म्हणजे वाट बघत बसून ससा अशक्त झाल्यावर नेणं, हाच मोठा धोका. आणि गेलेल्या सशांपैकी निम्म्याहून जास्त नंतरच्या तासांत गेले, टेबलावर नाही. ऊब, वेदनाशामक आणि लवकरात लवकर पोटात अन्न, यावर म्हणून एवढा जोर.

डॉक्टर पारखायला माझा एक प्रश्न ठरलेला आहे. फोनवर विचारायचं, "आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवू का?" कुत्र्या-मांजराला ठेवतात, कारण भुलेत उलटी होऊन फुफ्फुसात जायची भीती असते. सशाला उलटी करताच येत नाही, आणि उपास त्याच्या आतड्यांना घातक. "हो, रात्रभर काही देऊ नका" असं उत्तर आलं तर नम्रपणे दुसरा नंबर फिरवायचा.

औषधाच्या दुकानात जाण्याआधी

हा भाग छोटा आहे पण नीट वाचा. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन सशाला तोंडावाटे देऊ नका. ते आणि पेनिसिलिन गटातली बाकीची, तसंच क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात, घातक माजतात, आणि जुलाबानं ससा दोन-चार दिवसांत जातो. कुत्र्या-मांजरांना हीच औषधं सर्रास चालतात, त्यामुळे सशांची सवय नसलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही ती दिसू शकतात. दिसली तर विचारा. विचारण्यात अपमान नाही. वेदनेसाठी बहुधा मेलॉक्सिकॅम लिहून देतात. (नाव ओळखीचं वाटलं तर ते गिधाडांच्या बातम्यांमुळे. गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये बंदी आली तेव्हा त्याला पर्याय म्हणून हेच पुढे आलं.) सशाचा डोस कुत्र्याच्या डोसावरून काढता येत नाही, तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

वाचवायचे तर इथे वाचवा

सगळ्यात स्वस्त औषध आपल्या गावात उगवतं. परदेशी टिमोथी गवताची रंगीत पाकिटं चांगलीच असतात, पण सशाच्या ताटात दहातले साताठ भाग गवत हवं म्हटल्यावर ती परवडत नाहीत. हरळी चालते. गणपतीला वाहतो ती दूर्वा म्हणजे हीच हरळी, आणि फुलवाल्यांकडे जुडीनं मिळते. फक्त फवारणी झालेली किंवा रस्त्याकडेची, कुत्र्यांनी भिजवलेली नको. मारवेलसारखं वाळलेलं गवत गोठेवाल्यांकडून पेंढीनं घेता येतं. हिरवट आणि सुगंधी असावं. बुरशीचा वास आला की परत करायचं. पावसाळ्यात तर रोज हुंगून बघायचं. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, पण त्यात पोषण फार कमी. लसूणघास सशांना भारी आवडतो, पण त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त, म्हणून तो पिल्लांसाठी, मोठ्यांना चवीपुरता.

उपचाराच्या बाबतीत, सशांचा सराव असलेले डॉक्टर पुण्या-मुंबईत मोजके आहेत आणि तालुक्याच्या गावी शोधायला गेलं तर सशाचं शिंगच. ज्यांना असे डॉक्टर मिळत नाहीत त्यांनी पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने जरूर विचारावेत: मुंबईत परळ, साताऱ्याकडे शिरवळ, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर. परळलाच जुनं बैलघोडा हॉस्पिटलही आहे. अशा ठिकाणी खासगीपेक्षा खर्च सहसा कमी येतो. जाण्याआधी फोन करून सशाच्या दातांची अवजारं आणि हात बसलेलं माणूस आहे का, हे विचारायचं, म्हणजे हेलपाटा पडत नाही.

विम्याची फार आशा धरू नका. पाळीव प्राण्यांच्या पॉलिसी मुख्यतः कुत्र्यांसाठी, काही मांजरांसाठी असतात, आणि दातांचे उपचार अनेकदा वगळलेले. आम्ही ससा आणल्यापासून नाही, पहिल्या बिलानंतर शहाणे झालो: दर महिन्याला गवताच्या खर्चाएवढी रक्कम वेगळी पडते. मोठी नाही. पण रात्री अकराला ससा खात नसताना "नेऊ की नको" हा वाद घरात होत नाही.

आणि किती दिवस करत राहायचं?

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, जणू विचारणंच पाप. नाही. दाढांची मुळंच बिघडली असतील तर बरं होणं हा शब्द तिथे नसतो, सांभाळणं असतं. मी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारल्या होत्या: दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात ती स्वतःहून गवत खाईल का? दुखणं औषधानं आटोक्यात राहील का? हे अंतर वाढत जाईल की कमी होत जाईल? अंतर कमीच होत चाललं, ससा आठवड्यातले निम्मे दिवस सिरिंजवर जगतोय, गळवं परत परत येताहेत, अशा वेळी त्याला शांतपणे झोपवणं हा पर्याय डॉक्टरांनी काढला तर तो क्रूरपणा समजू नये. पैसे संपले म्हणून तो विषय काढावा लागला तरी लाज नको. फक्त तो काढायचा डॉक्टरांसमोर, आणि ससा उपाशी राहायला लागण्याआधी.

लोणीचं अंतर सध्या वाढतंय. पहिल्यांदा सात आठवडे होतं, आता साडेचार महिने. आई देवळातून येताना दूर्वांच्या दोन जुड्या आणते, एक गणपतीची आणि एक हिची. कॅलेंडरवर गेल्या रविवारचा आकडा 1 किलो 640 आहे, त्याआधीच्या रविवारी 1 किलो 655 होता. पंधरा ग्रॅम म्हणजे काही नाही. तरी या रविवारी मी काटा जरा लवकरच काढणार आहे.